फ्लोरा फाउंटन ते हुतात्मा चौक : एका कारंज्याचा इतिहास आणि अर्थ

शहरे दगड-विटांनी उभी राहतात, परंतु ओळखली जातात ती त्यांच्या चौकांनी. कोणत्याही जुन्या शहराचा इतिहास जाणून घ्यावयाचा असेल, तर त्याच्या मुख्य चौकात काय उभे आहे, ते कोणी उभारले, कोणाच्या पैशाने उभारले आणि लोक त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, या चार प्रश्नांची उत्तरे शोधली तरी पुरे होते. मुंबईच्या कोट भागातील फ्लोरा फाउंटन हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. चर्चगेट स्थानकावर उतरून कामाधंद्यासाठी कोटात जाणाऱ्या लाखो माणसांनी हे पांढरे कारंजे पाहिले आहे. मात्र त्या शुभ्र दगडामागे कापसाच्या व्यापारातील तेजी-मंदी, दानशूरांच्या थैल्या, परकीय सत्तेचा डौल आणि मराठी माणसाचे रक्त अशा चार गोष्टी एकवटल्या आहेत, याची जाणीव फार थोड्यांना असते.

कोटाची भिंत पडली

आज ज्या जागी कारंजे आहे, त्या जागी अठराव्या शतकात मुंबईच्या किल्ल्याचा एक दरवाजा होता. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या वसाहतीभोवती तटबंदी उभारली होती व तिला तीन मुख्य दरवाजे ठेवले होते. दक्षिणेस अपोलो गेट, उत्तरेस बाजार गेट आणि पश्चिमेस चर्च गेट. १७१८ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा सरळ रस्ता या पश्चिमेच्या दरवाजातून जात असे, म्हणून त्याचे नाव चर्च गेट. दरवाजा जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही रेल्वे स्थानकाच्या रूपाने ते नाव रोज लाखो मुखांतून उच्चारले जाते. दगड जातो, नाव राहते, याचे याहून बोलके उदाहरण मुंबईत दुसरे नसेल.

या तटबंदीच्या आतच शहराचा मोठा व्यवहार चाले. आज जेथे हॉर्निमन सर्कल आहे, त्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गासड्यांचे ढीग रचले जात. १८४४ साली हा कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. पुढे लोकसंख्या वाढली, दाटी असह्य झाली, रोगराई पसरू लागली आणि लष्करी दृष्ट्याही तटाचा उपयोग उरला नाही. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रियर यांनी तट पाडण्याचा निर्णय अंमलात आणला. भिंत पडली, खंदक बुजले आणि रुंद रस्त्यांसाठी व सार्वजनिक इमारतींसाठी प्रशस्त जागा मोकळी झाली. आजच्या मुंबईचे उच्च न्यायालय, विद्यापीठ, तार कार्यालय यांची भव्य रांग याच मोकळ्या झालेल्या पट्ट्यात उभी राहिली. चर्च गेटच्या जागी अनेक रस्ते एकत्र आले व एक चौक तयार झाला. चौकाला मध्यबिंदू हवा होता. तो मध्यबिंदू म्हणजे हे कारंजे.

कापसाचा पैसा

कारंज्याचे साल १८६४ असे सांगितले जाते. व्यापारी वाचकांच्या लक्षात हे साल चटकन येईल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्या जगाचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले. मुंबई बंदरात पैशाचा अक्षरशः पूर आला. लोकांनी गाद्या-उशांतील कापूस काढून विकल्याच्या आठवणी त्या काळाविषयी सांगितल्या जातात. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटविण्याच्या कंपन्या यांचे पेव फुटले. कंपन्यांच्या भागांचे भाव सकाळी एक तर सायंकाळी दुसरे अशी अवस्था झाली.

या तेजीचे सूत्रधार म्हणून ज्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले, ते शेठ प्रेमचंद रायचंद जैन समाजातील होते. सुरतेत जन्मलेल्या या तरुण दलालाचा शब्द त्या काळी बाजारात हुंडीप्रमाणे चाले. त्यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि त्याला जोडून मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. मातोश्रींची दृष्टी गेली होती, सूर्यास्तापूर्वी भोजन घेण्याचा त्यांचा नेम घड्याळाच्या टोल्यांनी सांभाळता यावा म्हणून हा मनोरा, अशी कथा परंपरेने सांगितली जाते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईच्या बाजाराचा काळा दिवस ठरला. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. परंतु विद्यापीठाला दिलेला पैसा दिला गेला होता, तो परत येणारा नव्हता आणि बुडणाराही नव्हता. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याप्रमाणे राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. फ्लोरा फाउंटनपासून चालत काही मिनिटांवर तो आजही उभा आहे. त्या तेजीत ज्यांनी जे स्वतःपाशी ठेवले, ते गेले. ज्यांनी जे समाजाला दिले, ते उरले. हिशेबाच्या वहीत अशी नोंद क्वचितच सापडते. मुंबईच्या कोटात मात्र ती दगडात कोरलेली आहे.

कारंजे कोणासाठी, कोठे आणि कोणाच्या पैशाने

हे कारंजे उभारण्याची मूळ कल्पना ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची. शेती व बागकाम यांची सुधारणा हा या संस्थेचा उद्देश. भायखळ्याचा व्हिक्टोरिया गार्डन म्हणजेच राणीचा बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, याच संस्थेच्या प्रयत्नांतून फुलला होता. कारंजेही मुळात त्या बागेतच बसवावयाचे होते आणि त्याद्वारे गव्हर्नर फ्रियर यांचा गौरव करावयाचा होता. बागेसाठी योजलेले शिल्प म्हणून त्याच्या माथ्यावर फुलांची देवता यावी, हे अगदी स्वाभाविक होते.

कारंज्यास एकूण सुमारे ४७,००० रुपये खर्च आला. त्यापैकी २०,००० रुपयांची देणगी शेठ करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिली. म्हणजे एकूण खर्चापैकी दोन पंचमांशाहून अधिक वाटा एकट्या देणगीदाराचा. त्या काळच्या रुपयाचे मोल लक्षात घेता ही रक्कम लहान नव्हती. गौरव गव्हर्नरांचा व्हावयाचा होता, परंतु थैली मुंबईकराची मोकळी झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा. हे इंग्लंडमधील नामवंत वास्तुविशारद. पुढे लंडनच्या पोलिसांचे ‘न्यू स्कॉटलंड यार्ड’ हे मुख्यालय त्यांनीच बांधले. शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे. इंग्लंडमधील विटली कोर्ट या प्रासादाच्या उद्यानात पर्सियस व अँड्रोमेडा यांचे जे प्रचंड कारंजे आहे, तेही फोर्सिथ यांच्याच हातचे. मुंबईच्या कारंज्यासाठी दगड आणला गेला तो पोर्टलंडचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील या चुनखडीच्या दगडाने लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल बांधले आहे. कुर्ला, मालाड, पोरबंदर येथील दगड हाताशी असताना हा दगड साता समुद्रापलीकडून आणविण्यात आला, यात राज्यकर्त्यांच्या अभिरुचीचा आणि अभिमानाचाही भाग होता.

पुढे कारंजे राणीच्या बागेत न जाता कोटातील नव्या चौकात आले. फ्रियर यांचे नावही त्याला चिकटले नाही. लोकांनी माथ्यावरची मूर्ती पाहिली आणि तिच्याच नावाने चौकाला ओळखू लागले. ज्याच्या सन्मानार्थ योजना आखली, त्याचे नाव मागे पडले. ज्याने सर्वांत मोठी रक्कम दिली, त्याचे नाव सामान्य माणसाला ठाऊक नाही. राहिली ती फक्त फुलांची देवता. नावासाठी दान करणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

फ्लोरा कोण

फ्लोरा ही प्राचीन रोमनांची फुलांची व वसंत ऋतूची देवता. झाडांना बहर आणणारी, पिकांना फुलोरा देणारी अशी तिची कल्पना आहे. फूल हे अखेर फळाचे व धान्याचे पूर्वरूप. म्हणून शेतीप्रधान रोमन समाजात तिला मोठे स्थान होते. तिच्या नावे रोममध्ये ‘फ्लोरालिया’ हा उत्सव २८ एप्रिलपासून मे महिन्याच्या आरंभापर्यंत चाले. वनस्पतिशास्त्रात एखाद्या प्रदेशातील समग्र वनस्पतींना ‘फ्लोरा’ म्हणतात, तो शब्दही या देवतेवरूनच आला.

कारंज्याची रचना चढत्या टप्प्यांची आहे. खाली पाण्याचे विस्तृत कुंड, त्यावर कोपऱ्यांवर पुराणकथांतील आकृती, मधल्या भागात पाण्याची पात्रे आणि सर्वांत वर वस्त्रे ल्यालेली, शांत मुद्रेची फ्लोरा. पाणी वरून खाली उतरते आणि पाहणाऱ्याची नजर खालून वर चढते. या रचनेचा अर्थ समजण्यास कठीण नाही. पाण्यातून जीवन, जीवनातून बहर आणि बहरातून समृद्धी. बागकाम करणाऱ्या संस्थेला हाच संदेश द्यावयाचा होता.

चौकात आल्यावर मात्र या मूर्तीचा अर्थ बदलला. येथे ना बाग, ना शेत. बँका, विमा कंपन्या, वकिलांच्या कचेऱ्या आणि ट्रामच्या घंटा. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची ट्राम आली. फ्लोरा फाउंटन हे शहराच्या वाहतुकीचे नाक बनले. शेतीची देवता भांडवलाच्या बाजारपेठेत उभी राहिली. पाहू जाता हेही अयोग्य नव्हते. कारण त्या साऱ्या बँका व कचेऱ्या ज्या संपत्तीवर उभ्या होत्या, ती वऱ्हाड-खानदेश आणि गुजरातच्या काळ्या मातीत फुललेल्या कपाशीच्या बोंडांतून आलेली होती. चौकातील श्रीमंतीचे मूळ शेतात आहे, याची आठवण ती मूर्ती मूकपणे देत राहिली.

शोभेचे पाणी आणि तहानेचे पाणी

कारंज्याला पाणी लागते आणि मुंबईत पाण्याचे दुर्भिक्ष जुनेच. विहिरी व तलाव यांवरच शहराची भिस्त होती. विहार तलावाची योजना १८६० साली पूर्ण झाली व नळाचे पाणी प्रथमच शहरात आले. विहारचे पाणी आल्यानंतर अवघ्या चार वर्षांचे साल या कारंज्याला लाभले, हा केवळ योगायोग नव्हे. जेथे पिण्यास पाणी नाही तेथे शोभेचे कारंजे उडविता येत नाही.

परंतु त्याच मुंबईत दुसऱ्या प्रकारची कारंजीही उभी राहिली. ती शोभेपेक्षा तहानेसाठी होती. त्यांना लोक प्याऊ म्हणत. मशीद बंदराच्या भातबाजारात शेठ केशवजी नायक यांनी उभारलेले कारंजे व घड्याळाचा मनोरा १८७६ सालचा आहे. केशवजी नायक हे कच्छी जैन समाजातील अग्रगण्य व्यापारी. शत्रुंजय पर्वतावरील त्यांच्या नावाची टूंक यात्रेकरूंना परिचित आहेच. तीर्थक्षेत्री मंदिर आणि बाजारपेठेत पाण्याची सोय, असे दोन्हीकडे त्यांचे लक्ष होते. भातबाजारात ओझी वाहणारे हमाल, गाड्या ओढणारे बैल आणि दूरगावाहून आलेले गिऱ्हाईक यांची तहान कोणाची जात विचारत नव्हती.

कोटातच मिंट रोडवर रतनसी मुळजी जेठा यांनी १८९४ साली उभारलेले कारंजे आहे. आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या स्मरणार्थ या पित्याने ते बांधले. आराखडा व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. माथ्यावर पुस्तक वाचणाऱ्या मुलाची मूर्ती आहे. कापड व्यवसायातील मंडळींना मुळजी जेठा हे नाव काळबादेवीच्या मार्केटमुळे परिचित असते, परंतु त्या घराण्यातील एका पित्याचे दुःख असे वाहत्या पाण्यात उतरले, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

फ्लोरा फाउंटनशेजारी ही दोन कारंजी ठेवून पाहिली, तर एक फरक स्पष्ट दिसतो. फ्लोराचे पाणी डोळ्यांसाठी होते, प्याऊचे पाणी घशासाठी. एकाची कल्पना विलायतेतून आली, दुसऱ्याची पाणपोईच्या आपल्या जुन्या परंपरेतून. शहराला दोन्हींची गरज असते हे खरे. तथापि तहानलेल्याला पाणी देणाऱ्या दानाचा पहिला मान, असेच आपल्या देशातील सर्व परंपरा सांगत आल्या आहेत.

२१ नोव्हेंबर १९५५

स्वातंत्र्यानंतर या चौकाच्या नशिबी वेगळाच इतिहास आला. भाषावार प्रांतरचनेसाठी नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. त्यात मराठी भाषकांचे मुंबईसह स्वतंत्र राज्य मान्य झाले नाही. पुढे मुंबई वेगळी ठेवण्याच्या हालचाली सुरू झाल्या. असंतोष पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगार व नागरिक हजारोंच्या संख्येने कोटाकडे निघाले. विधिमंडळाचे कामकाज त्या काळी जवळच असलेल्या कौन्सिल हॉलमध्ये चाले. फ्लोरा फाउंटन येथे पोलिसांनी मोर्चा अडविला, लाठीमार झाला आणि अखेर गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा माणसे मरण पावली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर होताच पुन्हा उद्रेक झाला आणि गोळीबारात आणखी अनेकांचे बळी गेले. त्याच वर्षी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशा भिन्न विचारांच्या नेत्यांना या एका प्रश्नाने एकत्र आणले. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

या लढ्यात प्राण गमावलेल्यांची संख्या १०५ अशी रूढ झाली, पुढे यादीत भर पडून ती १०६ व १०७ अशीही सांगितली जाते. त्यांच्या स्मरणार्थ या चौकाला ‘हुतात्मा चौक’ हे नाव देण्यात आले आणि कारंज्याच्या शेजारी स्मारक उभे राहिले. हाती मशाल घेतलेले शेतकरी व कामगार असे त्या स्मारकाचे स्वरूप आहे. दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबर रोजी तेथे पुष्पचक्रे वाहिली जातात.

हा इतिहास वाचताना व्यापारी समाजाने मनात कोणताही किंतू ठेवण्याचे कारण नाही. त्या काळात भाषेच्या प्रश्नावरून मने दुभंगली, दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यात अंतर पडले, हे नाकारता येणार नाही. परंतु याच प्रश्नासाठी गुजरातेतही बळी गेले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर महागुजरातची मागणी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि तेथेही हुतात्म्यांची खांभी उभारली गेली. दोन्ही राज्ये एकाच दिवशी जन्मली. आपल्या भाषेत आपला कारभार व्हावा, ही इच्छा दोन्हीकडच्या सामान्य माणसाची एकच होती. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि मुलांना मराठी शाळेत शिकविलेल्या व्यापारी कुटुंबांना हुतात्मा चौक परका वाटण्याचे कारण नाही, तो त्यांचाही आहे.

देवता आणि मशाल

एकाच चौकात पांढऱ्या दगडाची फ्लोरा आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार अशी दोन शिल्पे शेजारी शेजारी आहेत. एक परकीय राजवटीच्या काळातील, दुसरे त्या राजवटीच्या अस्तानंतर लोकांच्या इच्छेने उभारलेले. परकीयांची चिन्हे हलवून टाकावीत असा विचार स्वातंत्र्यानंतर देशात प्रबळ होता आणि मुंबईच्या रस्त्यांवरील अनेक इंग्रज राज्यकर्त्यांचे पुतळे हलविण्यातही आले. फ्लोरा मात्र जागची हलली नाही. कारण ती कोणा राजाची वा सेनापतीची प्रतिमा नव्हती. फ्रियर यांचे नाव तिला चिकटले नाही, हेच कदाचित तिच्या दीर्घायुष्याचे कारण ठरले असावे. ज्याच्यावर सत्तेचा शिक्का नसतो, त्याला सत्ता बदलल्यावर धक्का लागत नाही.

दोन्ही शिल्पांत एक नातेही आहे. फ्लोरा ही शेतातील बहराची देवता आणि स्मारकातील एक हात शेतकऱ्याचा. रोमन लोक फ्लोराचा उत्सव २८ एप्रिलनंतरच्या दिवसांत करीत आणि महाराष्ट्राचा जन्मदिवस १ मे. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु दरवर्षी त्या दिवशी फुलांच्या देवतेसमोर हुतात्म्यांना फुले वाहिली जातात, हा योगायोग मनाला भिडल्याखेरीज राहत नाही. ‘हुतात्मा’ या शब्दाचा अर्थच ज्याने आत्म्याची आहुती दिली तो. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस अग्नी. एका बाजूस समृद्धीचे स्वप्न, दुसऱ्या बाजूस त्या समृद्धीत आपला न्याय्य वाटा मागणाऱ्यांचे बलिदान. या दोन्हींतून एकच चौक पुरा होतो.

रंगाखालचा दगड

पोर्टलंडचा दगड मऊ चुनखडीचा. मुंबईचा पाऊस, समुद्राची खारी हवा आणि वाहनांचा धूर यांना तोंड देत तो दीडशे वर्षे टिकला. काळवंडलेला दगड शुभ्र दिसावा म्हणून त्यावर वेळोवेळी तैलरंगाचे थर चढविण्यात आले. हेतू चांगला होता, परंतु परिणाम उलटा झाला. रंगाखाली दगडाचा श्वास कोंडला, नक्षीचे बारकावे बुजले, नळ तुंबले आणि पाणी वाहणे थांबले. अनेक वर्षे मुंबईकरांनी कोरडे कारंजे पाहिले.

पुढे मुंबई महानगरपालिकेने संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. रंगाचे थर हळुवारपणे काढून मूळ दगड मोकळा करण्यात आला, झिजलेले भाग दुरुस्त झाले, नळांची व्यवस्था नव्याने केली गेली. काम चालू असताना २०१८ साली चौकात जमिनीखालून जुन्या ट्रामचे रूळ व त्यांच्या भोवतीचे काळे दगडही वर आले. जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा लोकांसाठी खुले झाले आणि पाणी पुन्हा वाहू लागले.

या जीर्णोद्धारातून संस्था चालविणाऱ्यांनी घेण्यासारखा बोध मोठा आहे. कारंजे बांधण्यास ४७,००० रुपये लागले, ते एकदाच. परंतु ते जिवंत ठेवण्यासाठी रोज पाणी, दरवर्षी दुरुस्ती आणि प्रत्येक पिढीत एखादा जाणकार माणूस लागतो. उद्घाटनाची कोनशिला बसविण्यास सर्वजण उत्सुक असतात, तुंबलेला नळ साफ करण्याच्या कामी कोणाचे नाव कोरले जात नाही. नवीन मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यकारक, असे जैन परंपरेत सांगितले जाते, त्यामागे हाच व्यवहार आहे. त्यातही दोष झाकण्यासाठी वरून रंग देणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. चढलेला रंग खरवडून मूळ दगडापर्यंत पोहोचणे, हा खरा जीर्णोद्धार. ही गोष्ट वास्तूंना जितकी लागू, तितकीच संस्थांनाही लागू आहे.

उपसंहार

चर्च गेटचा दरवाजा, फ्रियर यांच्या गौरवाची योजना, फुलांची देवता, ट्रामचे नाके आणि हुतात्म्यांचा चौक. एकाच जागेने इतकी रूपे पाहिली. प्रत्येक पिढीने तिला नवा अर्थ दिला आणि जुना अर्थ पूर्णपणे पुसला नाही, हेच तिचे मोठेपण. आजही टॅक्सीचालक ‘फाउंटन’ म्हणतात आणि बसच्या पाटीवर ‘हुतात्मा चौक’ असते, आणि दोन्ही ऐकणारा माणूस बरोबर त्याच ठिकाणी पोहोचतो.

कोटातील एखाद्या कामासाठी मुंबईस जाणे झाले, तर चर्चगेटहून सरळ चालत या चौकात यावे. प्रथम हुतात्मा स्मारकापुढे क्षणभर थांबून नमस्कार करावा. मग कारंज्याकडे पाहावे आणि ज्यांनी त्यासाठी थैली मोकळी केली त्या करसेटजी फर्दुनजी पारेख यांचे नाव मनात आठवावे. तेथून दक्षिण-पश्चिमेस मान वळविली की राजाबाई मनोरा नजरेस पडतो. मुलाने आईसाठी दिलेल्या दानाची खूण म्हणून तो उभा आहे. कारंजे, मशाल आणि मनोरा या तिन्ही गोष्टी कोणी ना कोणी स्वतःचे काही सोडले म्हणून तेथे आहेत. शहर उभे राहते ते अशा सोडण्यावर. आणि ते टिकते, ते मागून येणाऱ्यांनी पाणी वाहते ठेवले तर.